पावणेदोन भागिले अर्धा

पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवण्यासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला, आणि तोपर्यंत स्वतःला प्राथमिक शिक्षिका होण्यास पात्र समजणाऱ्या असंख्य उमेदवारांप्रमाणे मीही पुन्हा पहिल्या पायरीशी येऊन उभी राहिले. माझ्याजवळ गणित विषयातील बी.एस्सी. होती, बी.एड. होते आणि इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी सहा वर्षे घेतलेल्या शिकवण्यांचा अनुभव होता. मला लहान मुलांनाच शिकवायचे होते, म्हणून २०२४ मध्ये मी प्राथमिक शिक्षकांसाठीच्या दोन वर्षांच्या डी.एल.एड. अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. बालमानसशास्त्र, भाषाशिक्षण, पर्यावरण अशा विषयांचे थोडेफार दडपण होते. गणिताविषयी मात्र मी निश्चिंत होते. प्राथमिक शाळेचे गणित मला येतच आहे, ते मुलांपुढे कसे मांडावे याच्या काही युक्त्या, काही तक्ते आणि साहित्य तयार करण्याच्या पद्धती तेवढ्या शिकायच्या आहेत, अशी माझी समजूत होती.

गणिताच्या पहिल्या तासाला मॅडमनी प्रत्येकाच्या हाती एक छापील पान दिले. या विषयात आमच्याकडून काय अपेक्षित आहे ते त्या पानावर साध्या हिंदीत लिहिले होते. नुसत्या उत्तराला गुण मिळणार नव्हते. उत्तर तसेच का येते हे स्वतःच्या वाक्यांत लिहावे लागणार होते आणि त्यासोबत आकृती, मणी, काड्या, नाणी किंवा संख्यारेषा यांपैकी कशाचा तरी आधार द्यावा लागणार होता. ‘असा नियम आहे’, ‘असेच करतात’ आणि ‘हे तर उघड आहे’ ही तीन वाक्ये वहीत आढळल्यास वही परत येणार होती. परत आलेले काम कितीही वेळा सुधारून देण्याची मुभा होती. वर्गात कोणी आपली रीत समजावून सांगितली की दुसऱ्याने आपले म्हणणे मांडण्यापूर्वी आधीच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल इतक्या नेमकेपणाने पुन्हा सांगायचे होते. शेवटची अट मला सर्वांत जाचक वाटली. तिसरीच्या मुलाला जे समजणार नाही अशा कोणत्याही साधनाचा, म्हणजे मुख्यतः बीजगणितातील अक्षरांचा, आधार घ्यायचा नव्हता.

या अपेक्षा एकट्या आमच्या मॅडमच्या नव्हत्या, हे मला पुढे वाचनातून कळले. अमेरिकेतील महाविद्यालयांत भावी प्राथमिक शिक्षकांसाठी गणिताचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो आणि तो पुष्कळदा गणित विभागच शिकवतो. तेथील गणितविषयक संस्थांच्या संयुक्त मंडळाने २०१२ च्या अहवालात अशी शिफारस केली आहे की या शिक्षकांनी प्राथमिक गणिताच्या मूलभूत कल्पनांचाच किमान बारा श्रेयांकांचा, म्हणजे साधारण चार सत्रांना पुरेल इतका, अभ्यास करावा. आपल्याकडे आशय आणि अध्यापन या दोन्ही गोष्टी एकाच विषयात बसवलेल्या असतात, त्यामुळे शिक्षक किती खोल जाईल हे बरेचसे शिकवणाऱ्यावर अवलंबून राहते. आम्हाला खोल नेणाऱ्या मॅडम मिळाल्या.

पहिला गृहपाठ संख्यानामांचा होता. एक ते शंभरपर्यंतची नावे आपापल्या घरच्या भाषेत लिहायची, आणि त्यांतील किती नावे मुलाला आधीच्या नावांवरून बनवता येतील व किती निव्वळ पाठ करावी लागतील हे ठरवायचे. वर्गात माळवी, निमाडी, गुजराती बोलणारे होते आणि मराठी बोलणारी मी एकटी होते. मी लिहीत गेले आणि माझ्याच भाषेकडे प्रथमच शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी पुढच्या दशकाला एक कमी सांगणारी नावे एकोणनव्वदपर्यंत नीट चालतात आणि नव्व्याण्णवला ती चाल मोडते. हिंदीत ती एक दशक आधी, नवासीलाच, मोडते. शिवाय ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो, त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल ३२ लिहिते तेव्हा ते कानांना प्रामाणिक राहिलेले असते. शिकवणीला येणाऱ्या मुलांची ही चूक मी वर्षानुवर्षे लाल शाईने खोडत आले होते.

याच संदर्भात मला २०१९ चा वाद आठवला. महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन सुचवले गेले, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका पुन्हा पुन्हा स्पष्ट करावी लागली. इंदूरमधील आमच्या घरीही त्या दिवसांत चर्चा झाली होती आणि भाषा बिघडवण्याचा हा उद्योग आहे, असे मी ठामपणे म्हणाले होते. गृहपाठ लिहिताना माझे मत सर्वस्वी बदलले असे नाही. ‘तेवीस’ आणि ‘पंचेचाळीस’ ही नावे मुलांच्या तोंडी राहावीत असे मला आजही मनापासून वाटते. परंतु ज्या अडचणीवर तो उपाय सुचवला गेला ती अडचण खरी आहे, हे मला तेव्हा दिसले नव्हते. शाळेत शिकवणाऱ्याला तर ते दिसलेच पाहिजे.

नंतरच्या आठवड्यात मॅडमनी चिंचोके आणले आणि दहाऐवजी पाचाच्या गटांनी मोजायला सांगितले. पाच चिंचोक्यांची एक मूठ, पाच मुठींची एक टोपली. या पद्धतीत चारनंतर पाच हा अंकच नसतो. पाच लिहायचे तर एक मूठ आणि शून्य सुटे, म्हणजे १० असे लिहावे लागते. फळ्यावर ३४ आणि २३ यांची बेरीज होती. मी मनातल्या मनात दोन्ही संख्या आपल्या नेहमीच्या पद्धतीत नेल्या, एकोणीस आणि तेरा मिळून बत्तीस केले, पुन्हा पाचाच्या पद्धतीत आणून ११२ असे उत्तर लिहिले आणि हात वर केला. मॅडम माझ्या बाकापाशी आल्या, चिंचोके जसेच्या तसे पडलेले पाहिले आणि म्हणाल्या की उत्तर बरोबर आहे, परंतु हे पहिलीच्या मुलाला करता येणारे नाही. त्याच्याजवळ परत जायला दुसरी पद्धत नसते. मी पुन्हा आरंभ केला. चार आणि तीन सुटे मिळून सात, त्यातले पाच उचलून एक मूठ केली, दोन सुटे उरले. तीन मुठी, दोन मुठी आणि ही नवी एक मिळून सहा मुठी झाल्या, त्यातल्या पाच टोपलीत गेल्या आणि एक बाहेर राहिली. एवढ्याला मला पाव तास लागला. मध्ये दोनदा मोजणी चुकली, एकदा बोटांवर मोजावे लागले, आणि ‘हातचा’ या शब्दाचा अर्थ, म्हणजे गट पुरा झाल्यामुळे जो खरोखर हातात आला आहे आणि जो पुढच्या घरात ठेवायचा आहे तो, मला त्या दिवशी हाताने कळला.

वजाबाकीच्या वेळी माझ्या वडिलांची रीत पुढे आली. ६२ मधून ३८ वजा करताना ते म्हणतात, ‘दोनातून आठ जात नाहीत, बारातून आठ गेले, राहिले चार, हातचा एक, तीन आणि एक चार, सहातून चार गेले, राहिले दोन.’ ते वरच्या सहाला हात लावत नाहीत, खालच्या तिनाला चार करतात. शाळेत मी दशक सुटा करण्याची रीत शिकले होते आणि वडिलांची रीत ही जुन्या लोकांची काहीतरी युक्ती आहे असे समजून मी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. मॅडमनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या रीती विचारून आणायला सांगितल्या, तेव्हा मी ती सांगितली, आणि लगेच प्रश्न आला की हे का चालते. वरच्या संख्येच्या एककात दहा वाढवले आणि खालच्या संख्येच्या दशकात एक वाढवला, म्हणजे दोन्ही संख्यांत दहा-दहाच वाढले. म्हणून त्यांच्यातील फरक तोच राहिला. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मुलांसाठी दाखला शोधताना मावशी आणि भाचीची वये सुचली: दोघींच्या वयांत आज चोवीस वर्षांचे अंतर असेल तर दहा वर्षांनीही तेवढेच असेल. वडिलांना हे फोनवर सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की साठ वर्षे हातचा धरतो आहे, पण तो देतो कोणाला हे कधी मनात आले नव्हते.

बीजगणिताच्या बंदीचा खरा अनुभव विषम संख्यांच्या वेळी आला. दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम का असते, हे सिद्ध करायचे होते. मी दोन ओळींत २म + १ आणि २न + १ यांची बेरीज करून दोन बाहेर काढला. वही परत आली. खाली लिहिले होते, ‘बरोबर. आता ज्याला म आणि न म्हणजे अक्षरे वाटतात त्याला दाखवा.’ अनेक उदाहरणे देऊन भागणार नव्हते, कारण उदाहरणे कितीही दिली तरी ‘नेहमी’ सिद्ध होत नाही. शेवटी मुलामुलींच्या रांगांचे चित्र काढले: विषम म्हणजे जोड्या लावल्यावर एक जण एकटा उरतो अशी रांग, अशा दोन रांगा शेजारी आल्या की दोन्ही एकटे एकमेकांची जोडी होतात, मग रांगा कितीही लांब असोत. माझ्या पहिल्या दोन ओळींत जे होते तेच या चित्रात होते आणि काही कमी नव्हते. मला तोपर्यंत वाटत असे की चित्र हे समजावण्यासाठी असते आणि सिद्धता अक्षरांतच असते.

परंतु माझी खरी परीक्षा अपूर्णांकांच्या भागाकाराने घेतली. एके सकाळी मॅडमनी फळ्यावर १ ३/४ ÷ १/२ लिहिले, उत्तर काढायला सांगितले आणि त्यानंतर ज्याचे उत्तर याच भागाकाराने मिळेल असे एक शाब्दिक उदाहरण तयार करायला सांगितले. उत्तर मी दहा सेकंदांत लिहिले: दुसरा अपूर्णांक उलटा, चिन्ह गुणाकाराचे, साडेतीन. मग उदाहरण लिहिले: पावणेदोन पोळ्या दोन बहिणींत सारख्या वाटल्या तर प्रत्येकीला किती पोळी मिळेल? त्याखाली ‘उत्तर : साडेतीन’ असे लिहून मी वही दिली. एकूण पोळ्या दोनसुद्धा नसताना एकेका बहिणीला साडेतीन पोळ्या मिळत आहेत, हे मला दिसले नाही. मी अर्ध्याने भागायच्या ठिकाणी अर्धे केले होते, म्हणजे दोनाने भागले होते. वर्गातील बहुतेकांनी असेच केले होते, पण त्याने मला दिलासा मिळाला नाही, कारण त्या वर्गात गणिताची पदवी माझ्याकडेच होती.

त्यानंतर मॅडमनी सांगितले की हा प्रश्न प्रसिद्ध आहे. लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात हाच भागाकार अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना पूर्ण बरोबर उत्तर काढता आले आणि अर्थाच्या दृष्टीने बरोबर असे उदाहरण एकीलाच देता आले. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर होते आणि ६५ जणांनी योग्य उदाहरणे दिली. मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट निराळी होती. त्या चिनी शिक्षकांचे बहुतेकांचे एकूण शिक्षण अकरा-बारा वर्षांचेच होते आणि अमेरिकन शिक्षक सोळा-अठरा वर्षे शिकलेले होते. जास्त वरचे गणित शिकल्याने खालचे गणित आपोआप समजत नाही, ही गोष्ट माझ्या वहीतील त्या दोन बहिणींनी मला आधीच दाखवून दिली होती. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाची हातोटी यांच्यामधल्या एका तिसऱ्या ज्ञानाकडे लक्ष वेधले होते, म्हणजे विषय शिकवण्याजोगा करून जाणण्याकडे, बी.एड.ला मी त्याची व्याख्या पाठ केली होती.

त्या संध्याकाळी मी घरी आजेसासूबाईंशेजारी बसून भाजी निवडत होते. त्यांचे शालेय शिक्षण इंदुरातच, नव्या पैशाच्या आधी, म्हणजे १ एप्रिल १९५७ पूर्वी झालेले. रुपयाचे सोळा आणे असण्याच्या त्या काळात पाव म्हणजे चार आणे आणि पाऊण म्हणजे बारा आणे, हा रोजचा व्यवहार होता, आणि म्हणून शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन, आणि अच्छेर म्हणजे अर्धा शेर. मी सहज विचारले, ‘आजी, पावणेदोन शेर दूध अच्छेराच्या मापानं मोजलं तर किती मापं होतील?’ त्यांनी मेथीची जुडी खाली न ठेवताच उत्तर दिले, ‘औट.’ मी विचारले, ‘कशावरून?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, शेराला दोन मापं लागतात ना? मग पावणेदोनाची दुप्पट.’

अपूर्णांक उलटा करून गुणण्याच्या रीतीचे संपूर्ण कारण त्या वाक्यात होते. एका शेरात अच्छेराची दोन मापे बसतात, म्हणून जितके शेर असतील त्याच्या दुप्पट मापे होतात. भागिले अर्धा म्हणजे गुणिले दोन. दुसऱ्या दिवशी मी शेराच्या जागी लिटर आणि मापाच्या जागी अर्ध्या लिटरच्या बाटल्या घालून उदाहरण लिहिले. मॅडमनी ते वर्गाला दिले आणि पुढे जे झाले त्यासाठी तो सगळा आठवडा खर्च झाला तरी योग्यच होता असे मला वाटते. एका मुलाने बाटल्यांचे चित्र काढले, तीन बाटल्या भरल्या, पाव लिटर दूध उरले, आणि त्याने उत्तर लिहिले: सव्वातीन. अर्ध्या वर्गाला ते पटले. दूध खरोखरच पाव लिटर उरले होते आणि रीतीने येणारे उत्तर साडेतीन होते. मग चित्र चुकले की रीत चुकली? बराच वेळ वाद झाला. शेवटी कोणीतरी म्हणाले की प्रश्न बाटल्या किती असा आहे, लिटर किती असा नाही. पाव लिटर ही अर्धी बाटली आहे. उरलेला भाग कशाचा भाग म्हणून मोजायचा, हा प्रश्न मी आयुष्यात स्वतःला विचारला नव्हता, कारण उलटे करून गुणताना तो समोर येतच नाही.

मला वाटले की आता हा धडा झाला. परंतु मॅडमनी अर्ध्याच्या जागी दोनतृतीयांश घातले आणि सांगितले की या वेळी रीतीचे कारण लिहा. मी पुन्हा आजींकडे गेले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘असलं माप कोणाकडे असतं?’ त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्या जुन्या पाढ्यांना पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच हे सगळे येते, पण तिसऱ्या हिश्शाला तेथे जागा नाही, कारण शेर अर्धा होत होत पावशेर आणि अदपावापर्यंत जातो आणि रुपयाचे सोळा आणेही असेच अर्धे अर्धे होत जातात. घरच्या भाषेने मला दारापर्यंत आणून सोडले होते आणि पुढचे स्वतःच चालायचे होते. माझे पहिले लेखन परत आले, कारण त्यात मी दोन्ही अपूर्णांकांचे छेद सारखे केले होते पण का ते लिहिले नव्हते. दुसरे परत आले, कारण त्यात ‘म्हणून उलटा करावा’ हे वाक्य कुठूनही आधार न घेता येत होते. तिसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरात खरोखर एक बाटली घेतली, तिच्यावर दोनतृतीयांश लिटरची खूण केली आणि एक लिटर पाणी मोजून ओतले. खुणेपर्यंत एकदा भरून एकतृतीयांश लिटर उरले, आणि ते खुणेच्या निम्म्यावर आले. एका लिटरात दीड बाटली. दीड म्हणजे तीन छेद दोन, आणि ज्याला आपण उलटा अपूर्णांक म्हणतो तो एका एककात भाजक किती वेळा बसतो याचा आकडा असतो. मग पावणेदोन लिटरमध्ये त्याच्या पावणेदोनपट बाटल्या, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या आणि पाच छेद आठ बाटली. उरलेले पाणी पाच छेद बारा लिटर असते आणि ते बाटलीचा पाच छेद आठ भाग असते, हेही मी ताडून पाहिले, कारण आता तो प्रश्न मला टाळता येत नव्हता. हे लेखन स्वीकारले गेले. खाली मॅडमनी विचारले होते: ‘अर्ध्या तासात पावणेदोन किलोमीटर चालणारी बाई एका तासात किती चालेल, हाही हाच भागाकार आहे का? येथे काय कशात बसते आहे?’ काहीच कशात बसत नाही. येथे एका भागावरून पूर्ण काढायचे आहे, आणि भागाकाराला हाही अर्थ आहे. तो अर्थ लिहिण्यात आणखी एक रविवार गेला.

क्षेत्रफळ, दशांश अपूर्णांक, मापन हे भाग त्यामानाने लवकर झाले. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका निराळ्या वळणाची होती. तिच्यात उद्दिष्टे, पद्धतींची नावे आणि व्याख्या अधिक विचारल्या होत्या, आणि वर्षभर ज्यासाठी वह्या परत येत होत्या त्याला तेथे फारसा वाव नव्हता. त्याचे मला वाईट वाटले, कारण ज्यांनी बाटल्यांच्या वादात पुढाकार घेतला होता त्यांपैकी काहींना कमी गुण मिळाले.

दुसऱ्या वर्षी शाळेतील प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले. मला एका सरकारी प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग मिळाला. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने ३०५ मधून १४८ वजा करून २४३ लिहिले. पूर्वी मी ही बेपर्वाई मानली असती. आता मी तिच्या उत्तराकडे पाहत राहिले आणि तिने काय केले ते मला दिसले: प्रत्येक घरात तिने लहान अंक मोठ्यातून वजा केला होता; तिनातून एक दोन, चारातून शून्य चार, आठातून पाच तीन. तिचा एक नियम होता आणि तो तिने शेवटपर्यंत पाळला होता. मी तिला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘बीच वाला तो खाली है, मैडम, उससे कैसे लूँ?’ मी कागदी नोटा काढल्या, शंभराच्या तीन आणि सुटे पाच रुपये, आणि तिला सांगितले की शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घे, त्यातली एक मोडून दहा सुटे घे. तिने तसे केले. दोन शंभर, नऊ दहा आणि पंधरा सुटे झाले आणि उत्तर १५७ आले. मी समाधानाने पाठाची वही भरली.

मागच्या बाकावर बसून मॅडमनी तो पाठ पाहिला होता. त्यांनी वहीत लिहिले की मुलीची अडचण ओळखली हे चांगले झाले, परंतु नोट मोडण्याची कल्पना तिला सुचण्याची वाट पाहिली गेली नाही. नोटा टेबलावर ठेवल्यानंतर काही क्षणांतच शिक्षिकेने सर्व सांगून टाकले. पाठ दुसऱ्या तुकडीत पुन्हा घ्यावा.

पुढच्या सोमवारी मी शेजारच्या तुकडीत गेले. शंभराच्या चार नोटा आणि दोन रुपये टेबलावर ठेवले आणि म्हटले की यातून दुकानदाराला १६५ रुपये द्यायचे आहेत, परंतु त्याच्याकडे परत द्यायला काही नाही. मुले टेबलाभोवती जमली. एकाने दोन नोटा पुढे केल्या आणि मागे घेतल्या. एकीने दोन रुपये मोजले, पुन्हा मोजले. मी हात पाठीमागे धरून उभी होते आणि सांगण्याची इच्छा आवरणे मला अवघड जात होते. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग खिडकीजवळचा एक मुलगा, जो तोपर्यंत पुढेही आला नव्हता, आपल्या जागेवरूनच म्हणाला, ‘सौ का छुट्टा करा लो ना, मैडम.’